सुरळी

विडी घरकुलात आमच्या मागच्या दारी
बारा बाय सहाच्या जागेत एक नारळ आहे.
कारखान्यातल्या शेवटच्या दिवाळीला शेठनं नायनांना
एक चादर, मिठाईचा पुडा आणि हे रोप दिलं होतं.
चादर विरली.

चैत्रापासून झाडाचं काहीतरी बिनसलंय.

मी लॅबमध्ये रक्त काढते.
दिवसाला साठ दंड, साठ वेळा ‘मूठ आवळा’.
लाल झाकणाची बाटली, जांभळ्या झाकणाची बाटली,
संध्याकाळी पाचला कागदावर सगळं उमटतं:
काय कमी, काय जास्त.
याचा दंड कुठून धरायचा?

खालच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या, मग विटकरी.
वरच्या दोन कात्रीनं कापल्यासारख्या,
शाळेत कागदाची घडी घालून नक्षी कापायचो तशा.
आणि खोडावर, छातीच्या उंचीला,
एक तपकिरी ओघळ, कडेनं वाळून काळा पडलेला.
बोटावर घेऊन वास घेतला. आंबूस.
हातमोजे न घालता
पहिल्यांदाच नमुना घेतला मी.

कलशेट्टी काका म्हणाले, बुंध्यात किलोभर मीठ घाला.
अम्मा म्हणाली, बोअरचं पाणी बाधलं.
नळ चार दिवसांनी येतो, त्यातलं याला कोण देणार?
हंड्याला बसतो तो पांढरा थर
याच्या पोटातही बसला असेल.
मार्केट यार्डातल्या दुकानदारानं
फोटो मोठा करून पाहिला
आणि पोटॅशची पिशवी पुढं सरकवली.
तिघंही थोडे थोडे खरे वाटले.
आमच्याकडचे पेशंटही
आजार सोडून बाकी सगळं खरं सांगतात.

नायना काहीच बोलले नाहीत.
छत्तीस वर्षं जॉबर.
मागांनी त्यांचे दोन्ही कान कधीच खाऊन टाकले.
घरात आम्ही ओरडून बोलतो,
नव्या शेजाऱ्यांना वाटतं भांडतोय.

रविवारी दुपारी त्रेचाळीस डिग्रीत लाईट गेली,
गल्लीतले कूलर एकदम गप्प झाले,
आणि ते बनियनवरच बाहेर आले.
तळवा खोडावर ठेवला.
ठेवून राहिले.
चालू मागाच्या चौकटीवर असाच ठेवायचे,
कुठलं बेअरिंग गेलंय, कुठला पट्टा सैल;
कानाचं काम त्यांनी हाताला शिकवलेलं.
हात वीतभर खाली. डावीकडे. थोडा वर.
“इक्कड,” म्हणाले. इथं.

मी कान लावला.
आधी नुसतं माझंच रक्त.
मग कुर्र.
थांबलं.
कुर्र कुर्र.
आत कुणीतरी मांडी घालून
कडक भाकरी खात होतं,
अजिबात घाई नसल्यासारखं.

सोंड्या भुंगा. त्याची अळी.
नाव कळलं की बरं वाटतं, आजाराचंसुद्धा.
नायनांनी जुन्या पेचकसनं भोक मोकळं केलं,
भिजलेल्या सुताच्या गुंत्यासारखा लगदा निघाला.
वीस एमएलच्या सिरिंजनं मी औषध सोडलं
आणि सवयीनं म्हणाले, झालं, आता दाबून धरा.
त्यांना ऐकू आलं नसणार.
तरी कापसाचा बोळा त्यांनी दाबून धरला,
अम्मा चिखल मळून आणेपर्यंत.

दुकानदारानं एक तपासणी अजून सांगितली होती.
शेंड्यातली मधली सुरळी, न उमललेली,
धरून हलकेच ओढायची.
घट्ट असली तर झाड आहे.
हातात आली तर नाही.

कलशेट्टींची शिडी आणली. नायना चढले.
सुरळीला हात लावला.
खालून मी ओरडले, ओढा! ओढा ना!
ते वरच, तळवा तिच्यावर टेकवून,
ऊन डोक्यावर घेत.
मग तसेच उतरले, हात पुसत.

आज अकरावा दिवस.
शिडी झाडालाच टेकलेली आहे.
काका दोनदा येऊन मागून गेले,
दुसऱ्यांदा चांगलं खणखणीत आवाजात.
नायना म्हणतात, ऐकू आलं नाही.